सात सीटर गाडीला मागं ट्रॉलीचा हुक लावता येतो का?

उन्हाळा तोंडावर आला की लातूर-नांदेडच्या नातेवाइकांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "आपल्या गाडीला मागं हुक बसवला तर छोटी ट्रॉली ओढता येईल का?" कुणाला पाण्याची टाकी न्यायची असते, कुणाला सोयाबीनची पोती, कुणाला फवारणीचा पंप. मी सॉफ्टवेअरवाला, गॅरेजवाला नाही. पण घरात एकदा 'इंजिनिअर' म्हणून नाव पडलं की पंख्यापासून पॅन कार्डापर्यंत सगळं आपल्याकडेच येतं.

यंदा विचारणारे माझे लातूरचे मामा होते आणि "नको मामा" एवढ्या उत्तरावर ते गप्प बसणारे नव्हते. शहरापासून नऊ किलोमीटरवर त्यांनी केशर आंब्याची ४० कलमं लावली आहेत. शेतातला बोअर आटला. एप्रिल-मे निभावला नाही तर दोन वर्षांची मेहनत जाणार. पाण्याचं महत्त्व लातूरकरांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. पहिल्या फेरीत १० वाघिणी आल्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर.

मामांचा बेत साधा होता. दोन चाकांच्या ट्रॉलीवर ५०० लिटरची टाकी ठेवायची, घरच्या गाडीला मागं हुक लावायचा आणि आठवड्याला दोन फेऱ्या मारायच्या. एका वेल्डिंगच्या दुकानात विचारूनही आले होते. हुक साडेसहा हजारात, दोन तासांत बसवून मिळणार होता. गाडी सात सीटर, एर्टिगा किंवा कारेन्सच्या वर्गातली. मामी, दोन पोरं आणि आजी याच गाडीनं अहमदपूर-लोहा मार्गे नांदेडला येतात, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो सगळा हिशोब इथे मांडतोय, कारण गाडी कोणतीही असली तरी पद्धत हीच लागते.

कोणता हुक कशासाठी

आधी दोन गोष्टी बाजूला काढू. गाडीच्या टूलकिटमध्ये एक लोखंडी कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती स्क्रूसारखी फिरवून बसवतात. ती टोचनसाठी आहे, म्हणजे बंद पडलेली गाडी हळूहळू ओढून बाजूला घेण्यापुरती. ती सरळ रेषेतली ओढ सोसते. ट्रॉलीच्या दांडीचा वरून पडणारा भार आणि खड्ड्याखड्ड्याला बसणारे झटके सोसायला ती बनवलेली नाही.

दुसरी वस्तू अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात 'टो हुक' या नावानं मिळते, लाल किंवा काळ्या रंगाची. ती बहुतेक वेळा शोभेची असते, नाहीतर पार्किंगमध्ये मागून कुणी घासू नये म्हणून लावलेली. तिच्यावर वजनाचा कुठलाही आकडा कोरलेला नसेल तर तिला ट्रॉली जोडायचा विचारही करू नका.

खरा ट्रेलर हिच वेगळा असतो. गाडीच्या मुख्य सांगाड्याला दोन्ही बाजूंनी बोल्टनं बसणारा आडवा बीम, त्यातून मागे येणारी मान आणि मानेवर पोलादी गोळा. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला उलट्या वाटीसारखा कपलर असतो, तो गोळ्यावर बसून खालून लॉक होतो. युरोपात हा गोळा ५० मिलिमीटरचा. अमेरिकेत तीन मापं जास्त चालतात, त्यातलं एक २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. फरक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे, पण ५० च्या वाटीत ५०.८ चा गोळा नीट बसत नाही आणि उलट केलं तर वाटी सैल राहते. ऑनलाइन मागवताना गोळा आणि वाटी एकाच मापाची बघून घ्या.

आपल्याकडे ट्रॅक्टरला असते ती पिन. दांडीच्या भोकात पिन टाकली की झालं. त्या पिनेला चांगली ढिलाई असते. ट्रॅक्टर २० च्या वेगानं चालतो तेव्हा ती चालून जाते. ६० च्या वेगाला प्रत्येक ब्रेकला हीच ढिलाई हातोड्यासारखी ठोके देते. "ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतंय, मग हिला एवढी ओढणार नाही का?" असं मामांनी विचारलं, त्याच्या उत्तराचा हा एक भाग. दुसरा भाग असा की ट्रॅक्टरचा ड्रॉबार थेट त्याच्या जड लोखंडी धडाला, चाकांच्या आसाच्याही खाली जोडलेला असतो. ते यंत्र ओढण्यासाठीच जन्माला आलंय.

गाडी उलाळ झाली तर

हिचच्या सगळ्या शास्त्रातली महत्त्वाची गोष्ट आपल्या आजोबांना बैलगाडीवरून माहीत होती. मागं जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढं जास्त भरला की सगळा भार बैलांच्या मानेवर. चांगला गाडीवान माल असा रचायचा की मानेवर थोडा भार राहील, पण बैल दबणार नाहीत.

ट्रॉलीचंही हेच. दांडीचं टोक गोळ्यावर जो भार टाकतं तो ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या ठरावीक टक्के असावा लागतो. अमेरिकेत साधारण १० ते १५ टक्के धरतात. युरोपात याहून कमी, पण शून्य कुठेच नाही. भार फार कमी पडला की वेग वाढताच ट्रॉली शेपटीसारखी डोलायला लागते, आणि एकदा डोलायला लागली की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. स्टिअरिंगनं सावरायला गेलं की अजून बिघडतं. उपाय एकच, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून वेग आपोआप उतरू देणं.

आता मामांची ट्रॉली. पाणी ५०० किलो, टाकी-चाकं-चॅनल मिळून २०० धरा. एकूण ७०० किलो. दहा टक्के म्हणजे ७० किलो गोळ्यावर. एक माणूस मागच्या बंपरवर उभा राहिला एवढंच ना, असं वाटेल. पण तो उभा राहतो मागच्या आसाच्याही मागे. गोळा आसापासून १ मीटर मागे धरला आणि दोन्ही आसांमधलं अंतर २.७४ मीटर असेल, तर तरफेच्या नियमानं पुढच्या चाकांवरचं वजन सुमारे २५ किलोनं कमी होतं आणि मागच्यावर ९५ किलोनं वाढतं. एसजीजीएसच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स इतक्या वर्षांनी असं कामाला आलं.

मामांच्या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं, वळायचं आणि जास्तीत जास्त ब्रेकही लावायचा, त्यांचीच पकड आपण कमी करतोय. हेडलाइट आभाळाकडे बघतात ते वेगळंच. इनोव्हा क्रिस्टा किंवा बोलेरोमध्ये ताकद मागच्या चाकांना असते, तिथे हे गणित थोडं बरं ठरतं.

आणि हे सगळं माल जागेवर राहतो असं धरून. पाणी राहत नाही. अर्धी टाकी रिकामी झाली की ब्रेक लावताना २५० किलो पाणी पुढं धावतं आणि चढावर मागं. म्हणजे गोळ्यावरचा भार कधी १५० किलो, कधी शून्याखाली. टाकीच्या आत आडवे पडदे असतील तर पाणी कमी हिंदकळतं, पण बाजारातल्या साध्या प्लास्टिकच्या टाकीत ते नसतात. पोत्यांपेक्षा पाणी ओढणं म्हणूनच अवघड.

ओढेल हो, थांबेल का?

७०० किलो ओढायला आजचं दीड लिटरचं इंजिन पुरतं. पहिल्या गिअरमध्ये ते हलेलच, आणि ते हललेलं बघून सगळ्यांचा विश्वास बसतो. खरा प्रश्न थांबण्याचा आहे. गावठी ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. तिला थांबवायचं कामही गाडीच्या चारच चाकांनी करायचं.

सोपा हिशोब करू. गाडी १२०० किलो, दोन माणसं १४०, एकूण १३४० किलो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या ०.८ पट धरू. ताशी ६० किलोमीटरवरून गाडी एकटी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. ट्रॉली जोडली की गाडीच्या चाकांवर गोळ्याचे ७० किलो वाढतात, पण थांबवायचं असतं २०४० किलो. अंतर होतं साधारण २६ मीटर. यात ड्रायव्हरचा ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. आठ मीटर म्हणजे दोन गाड्यांची लांबी. समोर वळणाऱ्या उसाच्या ट्रॉलीच्या अलीकडे थांबणं आणि तिच्या खाली जाणं, यातला तो फरक आहे.

हा आकडासुद्धा सरळ रस्त्यावरचा. वळणावर ब्रेक लावला तर मागची ७०० किलोची ट्रॉली गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलते आणि दोघांची कात्रीसारखी घडी होऊ शकते.

ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी नियम आहे: ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यातलं जे कमी असेल ते. मामांच्या गाडीला हा नियम लावला तर मर्यादा ६०० किलो. म्हणजे ट्रेलर ओढणं जिथे रोजचं आहे त्या देशाच्या नियमातही त्यांची ट्रॉली बसत नाही.

कोणते आकडे शोधायचे

हिच निवडणं म्हणजे साखळीतली सगळ्यात कमजोर कडी शोधणं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा दोन सिस्टिममधला इंटरफेस आहे. एका बाजूनं कितीही मोठा आकडा दिला तरी दुसऱ्या बाजूला जो झेपेल तोच खरा.

पहिला आकडा गाडी बनवणाऱ्या कंपनीचा: ही गाडी ब्रेकवाला ट्रेलर किती किलोचा ओढू शकते आणि बिनब्रेकचा किती. तो ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो. भारतातल्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं, नाहीतर आकडाच नसतो. आकडा नसणं याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा होत नाही. कंपनीनं तपासलेलं नाही असा होतो. दुसरा आकडा गोळ्यावर वरून किती भार चालतो याचा. हिचच्या प्लेटवर तो 'एस' या अक्षरासमोर किलोमध्ये कोरलेला असतो.

तिसरा, त्याच प्लेटवरचा 'डी' आकडा, जरा समजून घेण्यासारखा आहे. गाडी आणि ट्रॉली एकमेकांना किती जोरानं ओढतात-ढकलतात याचं ते माप, किलोन्यूटनमध्ये. सूत्र असं: गाडीचं कमाल वजन गुणिले ट्रॉलीचं कमाल वजन, भागिले दोघांची बेरीज, आणि उत्तराला ९.८१ नं गुणायचं. वजनं टनात घ्यायची. मामांची गाडी भरलेली १.७५ टन, ट्रॉली ०.७ टन. गुणाकार १.२२५, बेरीज २.४५, भागाकार बरोबर ०.५. म्हणजे डी आला ४.९ किलोन्यूटन. हिचवरचा डी याहून जास्तच हवा. वेल्डिंगच्या दुकानात मी हा आकडा विचारला तर मालक हसले. "साहेब, दहा एमएमची प्लेट टाकतो, ट्रक ओढा." प्लेट दहा एमएमची असेल हो, पण ती ज्या पत्र्याला जोडणार तो दीड एमएमचासुद्धा नसतो.

यूट्यूबवर अमेरिकेतली मिनिव्हॅन बोट ओढताना दिसते तेव्हा हेच आकडे आठवा. टोयोटा सिएना किंवा होंडा ओडिसीला तिकडे ३५०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १५८७ किलोपर्यंत ओढायची मान्यता आहे. ती त्या मॉडेलसाठी, तिथल्या हिचसह, तपासून दिलेली आहे. दिसायला आपली गाडी तशीच असली तरी ती मान्यता आपल्या गाडीला लागत नाही.

वेल्डिंगला माझा विरोध का

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांच्या खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. एर्टिगा, कारेन्स, इनोव्हा हायक्रॉस यांना वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्रा घड्या घालून, जोडून तोच सांगाडा बनवलेला असतो, त्याला मोनोकॉक म्हणतात. वजन कमी, मायलेज चांगलं, पण ओढ कुठे द्यायची याच्या जागा मोजक्या. त्या जागा कंपनीनं ठरवलेल्या असतील तर तिथे आटे पाडलेली भोकं आधीच असतात. नसतील तर दुकानदार जिथे हात पोचेल तिथे जोडतो, म्हणजे बंपरच्या मागच्या बीमला नाहीतर स्टेपनीच्या खोलगट पत्र्याला.

बंपरमागचा बीम धक्का बसला की चेपण्यासाठीच बनवलेला असतो. तो चेपतो म्हणून आतली माणसं वाचतात. त्याला जाड चॅनल वेल्ड केलं की मागून धडक बसल्यावर तो धक्का थेट आत पोचतो, तोही तिसऱ्या सीटच्या अगदी पाठीमागे. आमच्याकडे तिथे पोरं बसतात.

शिवाय आजच्या गाड्यांत जास्त ताकदीचं पोलाद वापरतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्याच्या शेजारची पट्टी कमजोर होते, गंजाचा थर जळतो, आणि तडा जातो तो टाक्यात नाही, त्याच्या बाजूला. वरून बघून कळत नाही. पेट्रोलची टाकी जवळ असते आणि बॅटरी न काढता वेल्डिंग केलं तर गाडीतले कंट्रोलर उडू शकतात. शिडी-चासीवाल्या गाडीलाही बोल्टचाच हिच घ्या.

आरटीओ आणि इन्शुरन्स

हे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या दृष्टीनं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी लागते. नोंदणीसाठी त्याचं डिझाइन पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासलेलं असावं लागतं. दुकानात अंदाजानं बनवलेल्या ट्रॉलीचं ते झालेलं नसतं. गाडीत बदल करण्याबद्दल कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असा सुप्रीम कोर्टाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीवर एमएच-२४ असो की एमएच-२६, कायदा तोच.

दंडापेक्षा मला इन्शुरन्सची काळजी जास्त वाटते. ट्रॉली सुटून कुणाला लागली तर भरपाईची रक्कम ५ हजारात मावणार नाही. एजंटनं फोनवर "काही होत नाही" म्हटलं त्यावर जाऊ नका. कंपनीला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या.

मामांचं पाणी

नाही म्हणायचं तर दुसरा रस्ता दाखवायला हवा. आकडे पुन्हा बघितले तर मामांना ट्रॉलीची गरजच नव्हती. दोन फेऱ्यांत ५००-५०० मिळून आठवड्याला लागणार १००० लिटर. शेताच्या उंच कोपऱ्यात विटांच्या ओट्यावर २००० लिटरची टाकी ठेवली तर दोन आठवडे पुरते. ती भरायला शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टरवरचा टँकर पंधरा दिवसांतून एकदा. तो अर्धा मामांकडे आणि अर्धा शेजाऱ्याच्या मोसंबीला रिकामा होतो. ओटा पक्का बांधा एवढंच, भरलेली टाकी दोन टनांची होते.

टँकर चुकला तर? सात सीटरची क्षमता आपण विसरतो. कमाल वजन १७५० वजा रिकामं १२०० म्हणजे ५५० किलो गाडीच्या आतच चालतात. मागच्या सीट पाडून २० लिटरचे दहा जार ठेवले तर २०० किलो. दोन माणसं धरूनही भरपूर जागा उरते. चाळीस कलमांना पाच-पाच लिटर होतात. बुंध्याशी मडकं पुरून त्यात ओतलं आणि वर पाचटाचं आच्छादन घातलं तर ते पाणी उन्हात उडून न जाता मुळाशी झिरपतं. जार मात्र जमिनीलगत, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्यानं बांधूनच. करकचून ब्रेक लावल्यावर २० किलोचा सुटा जार काय करतो ते वेगळं सांगायला नको.

पोती किंवा सामान वारंवार न्यायचं असेल तर छोटा हत्ती बोलवा. टाटानं एस २००५ मध्ये आणली ती पाऊण टन मालासाठीच. फेरीमागे भाडं जातं, पण त्याचे ब्रेक त्या वजनासाठी बनवलेले असतात.

ज्यांना खरंच लावायचाय

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरचा आकडा आहे, हिच त्याच मॉडेलसाठी बनवलेला आहे, ट्रेलरची नोंदणी होणार आहे: असे तिन्ही जुळणारे वाचक असतील, त्यांच्यासाठी बसवण्याच्या गोष्टी.

बोल्ट किटमध्ये येतात तेच वापरा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, ती त्यांची ताकद. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण या कामाचा नाही. सगळे बोल्ट आधी हातानं बसवा, बीम मध्यावर आणा, मग टॉर्क रेंचनं किटमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. "पाना पाइपनं ताणून" आवळलेला बोल्ट आतून लांबलेला असतो. कुठे भोक पाडावंच लागलं तर कडेला गंजरोधक रंग लावा. युरोपच्या नियमात माल भरलेल्या गाडीच्या गोळ्याची उंची जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर असते. ट्रॉली जोडल्यावर दांडी आडवी, जमिनीला समांतर दिसली पाहिजे. गोळा नंबर प्लेट झाकत नाही ना, तेही बघा.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त जुगाड होतो. ट्रॉलीला टेल लॅम्प, ब्रेक लाइट आणि दोन्ही इंडिकेटर लागतात. सात पिनांच्या सॉकेटमधून ते जातात आणि त्यातली एक पिन अर्थची. ती सैल असेल तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकण्यासारखे भुताटकीचे प्रकार दिसतात. इलेक्ट्रिशियन सहसा मागच्या लाइटची वायर सोलून जोड देतो. जुन्या गाडीत हे चालायचं. नव्या गाडीत लाइट थेट स्विचवर नसतात, बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर ते चालवतो आणि किती करंट जातोय ते मोजतो. एलईडीच्या हिशोबानं बनवलेल्या वायरवर २१ वॅटचा साधा बल्ब जोडला की पावणेदोन अँपिअर जादा ओढले जातात. मॉड्यूल कधी एरर दाखवतं, कधी ती लाइन बंदच करतं. यासाठी ट्रेलर मॉड्यूल मिळतं. ते ताकद फ्यूजमधून थेट बॅटरीकडून घेतं आणि गाडीच्या वायरकडून फक्त सिग्नल वाचतं. आमच्या धंद्यात याला रीड-ओन्ली अ‍ॅक्सेस म्हणतात.

जोडताना वाटी लॉक झाली की नाही हे बघायची खात्रीची युक्ती अशी: दांडीखालचा जॅक वर फिरवा. गाडीचा मागचा भाग थोडा उचलला गेला पाहिजे. वाटी सुटून आली तर ती बसलेलीच नव्हती. सेफ्टी चेन दोन असतात, त्या दांडीखाली एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या अडकवा. गोळ्यावरून वाटी निसटली तर दांडी रस्त्यात न घुसता त्या झोळीत पडते. गोळ्यावरचा भार मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. दांडी ठरलेल्या उंचीवर विटांवर ठेवलेल्या काट्यावर टेकवायची. एकूण वजनासाठी मोंढ्याजवळच्या मोठ्या काट्यावर एकदा भरलेली ट्रॉली घेऊन जा.

पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा, नवा रंग दबला की ते थोडे सैल होतात. आणि रिव्हर्स घेताना मागचे पार्किंग सेन्सर सतत ओरडतील, त्यांना ट्रॉली म्हणजे भिंतच वाटते. ट्रेलर मॉड्यूल कंपनीचं असेल तर ते सेन्सर आपोआप बंद करतं. नसेल तर डॅशबोर्डवरचं बटण दाबा आणि मागं एक माणूस उभा करा, चाकांच्या रेषेत नाही, बाजूला.